वॉर्डातला ताण वॉर्डातच कसा उतरवायचा: गोव्यातल्या स्टाफ नर्सेससाठी

हे लिहितेय ते गोव्यात सरकारी किंवा प्रायव्हेट हॉस्पिटलात ड्युटी करणाऱ्या स्टाफ नर्सेससाठी, आणि ज्यांना जॉईन होऊन वर्ष-दोन वर्षंच झालीत त्यांच्यासाठी जरा जास्तच. स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर झालं की आपल्याला सांगतात योगा करा, ध्यान करा, सकाळी उठून चालायला जा. त्यात वाईट काहीच नाही, पण जी नाईट संपवून बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलबाहेर, कदंबा बसची वाट बघत उभी आहे, पुढे पणजीला बस बदलून डिचोलीला जायचंय आणि घरी गेल्यावर स्वयंपाक करायचाय, तिला सकाळच्या फिरण्याचा सल्ला देऊन काय होणार? माझं म्हणणं सरळ आहे. ताण जिथे तयार होतो तिथेच त्याचं काहीतरी केलं पाहिजे, म्हणजे वॉर्डात, ड्युटीच्या तासांत, हॅण्डओव्हर म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती घेताना, औषधं देताना, नातेवाइकांशी बोलताना, डॉक्टरला फोन करताना. घरी नेलेला ताण उतरत नाही, तो मुलांवर निघतो नाहीतर आपल्याच पोटात राहतो.

आणि ताण येतो म्हणजे आपण कच्च्या आहोत असं अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीत, बर्नआऊट घातलं ते आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली गोष्ट म्हणून घातलं, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की तो होतो असं त्यात म्हटलंय. लक्षणं तीन सांगितलीत: अंगातली ताकद संपल्यासारखी वाटणं, कामावरून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. पहिलं तर आपल्या सगळ्यांनाच असतं, थकवा कुणाला नाही. मी सांगेन की दुसऱ्यावर लक्ष ठेवा. पेशंट कण्हतोय आणि आपल्याला कणव यायच्या ऐवजी चीड येतेय, असं सलग काही दिवस झालं तर समजायचं की ही खूण आहे, आता काहीतरी बदलायला पाहिजे.

ड्युटीची सुरुवात

माझ्या मते अर्धा ताण हॅण्डओव्हर नीट न घेतल्यामुळे असतो. घाईघाईत स्टेशनवर उभं राहून "सगळं ओके आहे गं, एक नवीन ॲडमिशन, बाकी सेम" एवढ्यावर ओव्हर घेतली की पुढचे सहा-आठ तास मन धास्तावलेलं राहतं, काय राहिलंय, काय सुटलंय. म्हणून ओव्हर बेडजवळ जाऊन घ्या, जाणाऱ्या सिस्टरची बस चुकत असली तरी सिरियस पेशंटपुरती तरी घ्याच. सलाईनमध्ये किती एमएल उरलंय आणि रेट किती, कॅन्युला म्हणजे शिरेतली नळी कधी घातलेली आणि तिथे सूज आहे का, युरीन बॅग शेवटची कधी रिकामी केली, ड्रेनमध्ये किती आणि कसल्या रंगाचं, कुठला रिपोर्ट यायचाय, कुठलं औषध इंडेंट करून मागवलंय पण अजून आलं नाही. हे डोळ्यांनी बघितलं की डोक्यात फिरत राहत नाही.

मग एक कागद घ्या, साधा फुलस्केप, उभी घडी घालून चार कॉलम. पहिल्यात बेड नंबर, दुसऱ्यात वेळेची औषधं, तिसऱ्यात बघायच्या गोष्टी म्हणजे शुगर, बीपी, इनटेक-आऊटपुट, चौथा कॉलम रिकामा ठेवा, ड्युटीत जे नवीन येईल ते तिथे. झालं की टिक. हा कागद खिशात पाहिजे, मोबाईलमध्ये नको, कारण ग्लोव्ह्ज घालून मोबाईल बघता येत नाही आणि नातेवाईक लगेच म्हणतात सिस्टर मोबाईलवर बसलीय. ड्युटी संपली की कागद फाडून टाका, पेशंटची नावं बाहेर जाता कामा नयेत. डोक्यात वीस गोष्टी धरून ठेवायच्या नाहीत, कागदाला धरू दे.

औषधं काढताना कुणाशी बोलू नका. इतकं साधं आहे पण करायला कठीण, कारण त्याच वेळी कॅज्युअल्टीचा फोन येतो, कुणीतरी बेडपॅन मागतं, शिकाऊ मुलगी विचारते हे कुठे ठेवू. ट्रॉलीवर असताना "मी औषधं काढतेय, पाच मिनिटं" एवढंच म्हणा आणि पुढे चला. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराईड ही दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय द्यायची नाहीत, वॉर्डात दुसरी सिस्टर नसेल तर डॉक्टरला दाखवा. जुन्या सिस्टर्स कधीकधी म्हणतात एवढं काय घाबरतेस. घाबरणं नाही हे, घरी जाऊन रात्री अडीचला जाग येते आणि "मी ते इंजेक्शन कुणाला दिलं" असा विचार येतो ना, तो येऊ नये म्हणून आहे.

आता मध्ये थांबायचं कधी? आपल्याला ब्रेक मिळत नाही हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट आपण दिवसातून कितीतरी वेळा करतो, हात साफ करणं. हँड रब नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबणपाण्याने धुवायचे तर ४० ते ६० सेकंद, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या पोस्टरवर प्रत्येक बेसिनजवळ लावलेलं असतं. तेवढे सेकंद फक्त हातांकडे बघा, खांदे खाली सोडा, श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ तो सोडायला लावा, आणि पुढच्या पेशंटचं नाव मनात घ्या, बेड नंबर नाही, नाव. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाचे ठोके जरा खाली येतात, हे आपण फिजिऑलॉजीत शिकलोय. वेगळा वेळ लागत नाही आणि इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर पण खूष.

पाणी प्या आणि लघवीला जा. किती जणी युरीन इन्फेक्शन घेऊन फिरतात, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही. पेशंट उचलताना बेड कमरेइतका वर घ्या, दोघींनी मिळून चादरीने सरकवा, एकटीने कधीच नको. कंबर एकदा गेली की ताणाचं मूळच बदलतं.

नातेवाईक

गोव्यातल्या वॉर्डात एका लाईनीत कोंकणी, मराठी, हिंदी, कानडी आणि इंग्लिश बोलणारे पेशंट असतात. दोडामार्ग-सावंतवाडी-बांद्याचे लोक बांबोळीला येतात, कारवारकडचे येतात, सीझनला बीचवर पडलेले टुरिस्ट येतात, पावसात डेंग्यू आणि लेप्टो. मालवणीत एखादी म्हातारी विचारते "काय झाला ओ माझ्या झिलाक" (माझ्या मुलाला काय झालं) आणि आपण मेडिकल इंग्लिशमध्ये उत्तर दिलं की तिची भीती वाढतेच. तिच्या भाषेतलं एक वाक्य पुरतं. पेडण्याकडच्या माणसाला नुसतं "इल्लें रावात, हांव आतां येतां" (जरा थांबा, मी आत्ता येते) म्हटलं तरी तो शांत बसतो, अट एवढीच की खरंच जायचं.

नातेवाईक चिडतात ते बहुतेक वेळा वाट बघून. कुणी काही सांगत नाही, हा राग असतो. तेव्हा त्यांनी विचारायच्या आधी आपण सांगायचं. ड्युटीच्या सुरुवातीला प्रत्येक सिरियस पेशंटच्या माणसाला वेळ देऊन टाका: "डॉक्टर साडेनऊला राऊंडला येतात, त्यानंतर मी दहा वाजता स्वतः येऊन सांगते." दहाला गेलात की त्या बेडकडून दुपारपर्यंत कुणी येत नाही. सांगण्यासारखं काही नसेल तरी जा आणि तेच सांगा, "अजून रिपोर्ट आला नाही, रात्री झोपले बऱ्यापैकी, बीपी ठीक आहे." आजार कोणता ते आपण सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम, पण पेशंट जेवला की नाही, झोपला की नाही हे आपणच सांगू शकतो आणि लोकांना तेच हवं असतं.

तासाभराने एक फेरी मारताना चारच गोष्टी विचारा: दुखतंय का, कूस बदलायचीय का, बाथरूमला जायचंय का, पाणी आणि बेल हाताशी आहे का. सुरुवातीला वाटतं एवढा वेळ कुठे आहे. पण बेल वाजणं इतकं कमी होतं की तो वेळ परत मिळतो, करून बघा.

कुणी आवाज चढवला तर वाद घालू नका, पण एकट्या पण राहू नका. दाराच्या बाजूला उभ्या राहा, बेड आणि भिंत यांच्यामध्ये अडकू नका, दुसऱ्या सिस्टरला नाव घेऊन हाक मारा, सिक्युरिटीचा नंबर स्टेशनवर मोठ्या अक्षरात चिकटवलेला पाहिजे. "तुम्ही चिडलाय हे मला कळतंय, पण तुम्ही ओरडलात तर मला पेशंटकडे जाता येत नाही" हे खालच्या आवाजात बोला. दारू पिऊन आलेल्याशी काहीच बोलू नका, सरळ सिक्युरिटी. हात उगारला, ढकललं, धमकी दिली तर ते गिळायचं नाही. हॉस्पिटलातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी गोव्यात २०१३ चा वेगळा कायदा आहे. आणि कलकत्त्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्वतःच्या हॉस्पिटलांना आदेश काढला की ड्युटीवर हिंसा झाली तर संस्थाप्रमुखाने जास्तीत जास्त ६ तासांत संस्थेतर्फे एफआयआर करायची. तुमचं हॉस्पिटल केंद्राचं नसलं तरी तो दाखला देऊन सांगता येतं की तक्रार हॉस्पिटलने करावी, मार खाल्लेल्या सिस्टरने एकटीने पोलीस स्टेशनच्या फेऱ्या मारू नयेत. त्याच दिवशी लिहून द्या, वेळ, जागा, कोण हजर होतं, शब्द काय वापरले ते जसेच्या तसे.

चेंजिंग रूमला आतून कडी पाहिजे आणि तिथल्या पॅसेजमध्ये दिवा पाहिजे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हॉस्पिटलच्याच आवारात हल्ला झाला, २०१५ मध्ये त्या गेल्या, तोवर केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे कुठे कडी मोडलेली असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत दर आठवड्याला अर्ज द्यायचा, लाजायचं नाही.

डॉक्टरला फोन

रात्री रेसिडेंटला उठवायचं म्हटलं की नवीन मुलींच्या पोटात गोळा येतो. तो ओरडेल, "एवढ्यासाठी फोन केला?" म्हणेल. ओरडायला जागा ठेवू नका. फोन करायच्या आधी व्हायटल्स घ्या, केसपेपर हातात ठेवा, आणि चार टप्प्यांत बोला: आत्ता काय झालंय, पेशंट कोण, मला काय वाटतंय, तुम्ही काय करावं. असं:

"डॉक्टर, फिमेल सर्जिकलमधून बोलतेय, बेड १४ चं बीपी ९० बाय ६० झालंय, पल्स १२४. आज सकाळी ऑपरेशन झालंय, संध्याकाळी बीपी ११० होतं, दोन तासांत युरीन फक्त २० एमएल, ड्रेनमध्ये रक्त वाढलंय. मला ब्लीडिंग वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोवर फ्लूईड वाढवू का?"

ही पद्धत जगभर एसबीएआर नावाने शिकवतात, मूळ अमेरिकेच्या नौदलातलं आहे. यात "मला वाटतंय" हे बोलायला आपल्याला सगळ्यात जड जातं कारण ट्रेनिंगमध्ये आपल्याला गप्प राहायला शिकवलंय. पण पेशंटजवळ रात्रभर आपण असतो. बोला. आणि फोन ठेवल्या ठेवल्या नोट्समध्ये लिहा, "२.१० ला डॉक्टरांना कळवलं, अमुक सांगितलं." आला नाही तर पुन्हा फोन, पुन्हा वेळ, मग त्याच्या वरचा. लिहिलेलं असलं की सकाळी कुणी विचारलं तर आवाज कापत नाही.

सिनियर सिस्टर सगळ्यांसमोर बोलल्या तर तिथे उत्तर देऊ नका, पण नंतर एकटीला गाठून नक्की बोला: "सिस्टर, चुकलं तर मला सांगा, पण पेशंटसमोर बोललात की पेशंट माझं ऐकत नाहीत." बऱ्याच जणी समजून घेतात, कारण त्यांना पण कुणीतरी असंच बोललेलं असतं. नाही समजलं तर मेट्रनकडे. लैंगिक त्रास असेल, डॉक्टर असो, स्टाफ असो की पेशंटचा नातेवाईक असो, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या केंद्राच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तक्रार ३ महिन्यांच्या आत द्यायची असते, कारण योग्य असलं तर आणखी ३ महिने वाढवून मिळतात. बाहेरून येणाऱ्या माणसांपासून संरक्षण देणं पण त्याच कायद्यात मालकाची जबाबदारी आहे.

सुई लागली तर

हा भाग पाठ करा कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-ब्लीच लावायचं नाही, नुसतं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं. डोळ्यात उडालं तर पाण्याने धुवा. लगेच इनचार्जला सांगून कॅज्युअल्टीत जा, पेशंटचं आणि आपलं रक्त तपासायला द्या. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची पीईपी औषधं शक्यतो २ तासांच्या आत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि सुरू केली तर २८ दिवस पूर्ण. "ड्युटी संपवून जाते" हे नको, वॉर्ड सांभाळायला कुणीतरी येईल. हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत पण टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते दाखवणारी रक्तातली पातळी, तपासलाय का? शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी करतात, १० च्या वर पाहिजे. तो कागद घरात असला की सुई लागल्यावरची निम्मी भीती कमी होते. आणि घरी नवऱ्याला सांगा, एकटीने रिपोर्टची वाट बघत बसू नका.

औषधात चूक झाली तरी क्रम हाच, आधी पेशंट बघा, मग डॉक्टर, मग इन्सिडेंट फॉर्म. लपवलं की ते वर्षानुवर्षं आत राहतं. अशा वेळी बाकीच्या सिस्टर्सनी त्या मुलीला घोळक्यात चर्चेचा विषय करू नये, तिच्याजवळ एकीने बसावं, तिचे दोन पेशंट आपल्याकडे घ्यावेत.

पेशंट गेला की

हे कुणी शिकवत नाही. मॉनिटर बंद होतो, डॉक्टर डिक्लेअर करून जातात, आणि उरतं ते सगळं आपण करतो. लाईन्स काढायच्या, डोळे मिटायचे, हनुवटीला पट्टी बांधायची, अंग पुसायचं, नावाचा टॅग. दागिने उतरवून यादी करायची, "पिवळ्या धातूचं मंगळसूत्र एक, पिवळ्या धातूच्या कुड्या दोन", नातेवाइकाची सही घ्यायची, आणि ती सही करणारा हात थरथरत असतो ते आपल्याला दिसतं. मग अर्ध्या तासात त्याच बेडवर नवीन ॲडमिशन आणि हसून विचारायचं "नाव काय तुमचं?" शरीराला आणि मनाला एवढ्यात हे जमत नाही, जमलंय असं आपण दाखवतो.

म्हणून माझं सांगणं आहे की बॉडी पॅक करायच्या आधी बेडभोवती जेवढे स्टाफ आहेत त्यांनी एक मिनिट गप्प उभं राहा. देवाचं नाव घ्यायचं तर मनात घ्या, नको असेल तर नको, गोव्यात आपल्यात हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळे असतात, गप्प राहणं सगळ्यांना चालतं. परदेशात काही ठिकाणी नर्सेसनीच ही पद्धत सुरू केलीय. वॉर्डबॉय आणि सफाईवाल्या मावशींना पण बोलवा, त्यांनीही त्या पेशंटला रोज बघितलेलं असतं. मिनिट झालं की कामाला लागा. लहान मूल गेलं असेल, किंवा आपल्याच गावचं कुणी, तर इनचार्जला सांगून दहा मिनिटं स्टोअरमध्ये बसा, रडू आलं तर रडा. आणि इनचार्ज सिस्टर वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगते, त्या दिवशी त्या मुलीला पुढची सिरियस ॲडमिशन देऊ नका.

नाईट

पहिल्या नाईटच्या दुपारी दीड तास तरी झोपा. रात्री बाराच्या आत जेवा, हलकं, मला तर पेज आणि लोणचं बरं पडतं, बिर्याणी खाऊन तीन वाजता डोळे उघडे राहत नाहीत. पहाटे ३ ते ५ शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, झोप आणि चुका दोन्ही तेव्हाच जास्त, तर हिशोबाची आणि डायल्यूशनची (औषध पातळ करायची) कामं तेव्हा एकटीने करू नका. चहा-कॉफी दोनपर्यंत संपवा, कॅफिनचा अर्धा भाग ५-६ तासांनी पण अंगात असतो आणि मग सकाळी घरी झोप येत नाही. दोघी असाल तर आळीपाळीने २०-३० मिनिटं डोळे मिटा, इनचार्जच्या परवानगीने, त्यापेक्षा जास्त झोपलात तर उठल्यावर गुंगी राहते.

सकाळी स्कूटीने घरी जाणाऱ्यांनो, हे मनावर घ्या. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते असं प्रयोगांत दिसलंय, आणि आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे डबल ड्युटीनंतर आपण दारू प्यायलेल्यासारख्या हायवेवर असतो. त्या दिवशी बस, किंवा नवऱ्याला बोलवा, किंवा चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं झोपून मग निघा. उन्हाचा चष्मा लावून जा, सकाळचा उजेड डोळ्यात गेला की शरीर समजतं दिवस झाला.

घरी झोपणं ही वेगळीच लढाई. खिडकीला काळा कपडा लावा, पोदेराचा (पाववाल्याचा) पों-पों आणि नुस्तेवाल्याच्या (मासेवाल्याच्या) गाडीचा भोंगा याला इलाज नाही, कानात बोळे घाला आणि पंखा मोठा ठेवा. ड्युटीचा चार्ट फ्रिजवर चिकटवा म्हणजे पाहुणे, शेजारी, शाळेची मीटिंग सगळं त्यात बघून ठरतं. सासूबाईंशी भांडून काही होत नाही, आदल्या दिवशी नीट सांगा: "आई, उद्या नाईट करून येणार, दोनपर्यंत झोपते, संध्याकाळचं सगळं मी बघते, दुपारचं तेवढं तुम्ही करा." "मला झोपू द्या" असं नुसतं म्हणण्यापेक्षा वेळ सांगितली की लोक ऐकतात. शेवटची नाईट झाल्यावर मात्र दिवसभर झोपू नका, दीड-दोन तास झोपा आणि रात्री लवकर, नाहीतर ऑफ जागरणातच जातो.

ड्युट्या लावणाऱ्यांना विनंती करता येत असेल तर करा की सकाळ, मग दुपार, मग नाईट असा क्रम ठेवा, उलटा क्रम शरीराला जड जातो. आणि सणांचं आधीच ठरवा. नाताळाला आम्ही हिंदू सिस्टर्स ख्रिश्चन सिस्टर्सच्या ड्युट्या करतो, चवथीला (गणेश चतुर्थीला) त्या आमच्या करतात, ही जी आपल्याकडे जुनी समजूत आहे ती वॉर्डात टिकवा, लिस्ट लागायच्या महिनाभर आधी बोलून घ्या, आयत्या वेळी मागितलं की मनं दुखावतात.

कागदावर आणा

स्टाफ कमी आहे हे आपण चहा पिताना रोज बोलतो, पण लिहून किती जणी देतात? व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स हा मान्य निकष आहे. तो पाळला गेला नाही त्या ड्युटीला चार ओळी लिहा: तारीख, शिफ्ट, पेशंट किती, स्टाफ किती, काय काम राहिलं. तक्रारीचा सूर नको, फक्त आकडे, आणि सगळ्यांच्या सह्या. इनचार्जमार्फत मेट्रनला, एक प्रत आपल्याकडे. एका कागदाने काही होत नाही पण तीन महिन्यांचे कागद एकत्र ठेवले की मॅनेजमेंटला उत्तर द्यावं लागतं, आणि काही चुकलं तर दोष एका सिस्टरवर येत नाही.

प्रायव्हेटमध्ये काम करणाऱ्यांनी हे माहीत करून घ्या: सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केलीय की ५० बेडपेक्षा लहान हॉस्पिटलात पण नर्सचा पगार महिना २०,००० च्या खाली नसावा, २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा, आणि रजा, कामाचे तास हे पण सरकारीसारखे. शिफारस आहे, आपोआप मिळत नाही, पण बोलताना हातात धरायला काहीतरी असतं. बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, तो मात्र कायदाच आहे.

एवढ्याने भागत नसेल तर

दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, ड्युटीला निघताना छातीत धडधड, सुट्टी घेतली तरी बरं वाटत नाही, तर हे नुसतं थकणं नाही, डॉक्टरला दाखवायचं. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, आयपीएचबी. आपल्याच लोकांत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून तिथे जायला लाज वाटते, मला कळतं, मग फोन करा, टेली-मानस १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, नाव नाही सांगितलं तरी चालतं. ड्रग ट्रॉलीतली झोपेची गोळी मात्र घेऊ नका, "एकच अल्प्राझोलॅम" म्हणून सुरू होतं आणि सवय कधी लागते कळत नाही, शिवाय नोकरी जायची भीती वेगळी.

आणि बरोबरची सिस्टर "आता नकोच वाटतं जगणं" असं काही बोलली, हसत बोलली तरी, तर विषय बदलू नका. बाजूला नेऊन सरळ विचारा, "स्वतःला काही करून घ्यायचं मनात येतं का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, ट्रॉलीच्या चाव्या तिच्याकडून घ्या, घरच्या माणसाला फोन करा आणि त्याच दिवशी तिच्याबरोबर आयपीएचबीला जा, रात्र असेल तर कॅज्युअल्टीत. तिची उरलेली ड्युटी कोण करणार हे इनचार्ज बघतील.